वरून किती सोडलंय?

इतर गावांत दोन माणसं भेटली की एकमेकांची खुशाली विचारतात. सांगलीत जुलै लागला की "वरून किती सोडलंय?" असं विचारतात. 'वरून' म्हणजे कोयनेतून, 'किती' म्हणजे किती क्युसेक, आणि 'सोडलंय' हे क्रियापद अंगावर कुत्रं सोडल्यासारखं उच्चारायचं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडच्या चौथीतल्या पोराला सतराचा पाढा येणार नाही, पण एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, कोयनेत १०५ टीएमसी मावतं, आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. मात्र ही कोयना आहे कशी, हे त्या पोरानं पाहिलेलं नसतं, त्याच्या बापानंही पाहिलेलं नसतं.

आमच्या तात्याचं गावभागात विजेच्या सामानाचं दुकान आणि दुकानावर घर आहे. लोक दाराच्या चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा करून ठेवतात. तात्यानं दुकानाच्या भिंतीवर कृष्णेची उंची करून ठेवली आहे. २००५ ची रेघ त्याच्या छातीला लागते, २०२१ ची हनुवटीला, आणि २०१९ ची बघायला त्याला मान वर करावी लागते. त्या साली आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं आणि तात्याच्या दुकानातले पंखे विजेशिवाय फिरले. तेव्हापासून तो जगातली कुठलीही गोष्ट फुटांत मोजतो आणि आयर्विनशी ताडून बघतो. मुलीसाठी आलेलं स्थळ सहा मजली इमारतीत राहतं म्हटल्यावर त्यानं पत्रिका न बघता होकार दिला होता.

सातारकर हा आमचा कॉलेजच्या वसतिगृहातला मित्र. त्याचं घर साताऱ्यात, म्हणजे प्रवाहाच्या हिशोबानं आमच्या वरच्या अंगाला. त्यामुळं गेली पस्तीस वर्षं सांगलीत आलेल्या प्रत्येक पुराचा जाब आम्ही त्यालाच विचारत आलो आहोत. "अरे, मी शिक्षण खात्यात कारकून होतो, पाटबंधाऱ्यात नव्हतो," असं तो दरवर्षी सांगतो. त्याचा काही उपयोग होत नाही. इसापाच्या गोष्टीत वरच्या अंगाला लांडगा असतो आणि तो खालच्या कोकराला पाणी गढूळ केल्याबद्दल दम भरतो. आमच्या गोष्टीत खालची तीन कोकरं मिळून वरच्या लांडग्याला दम भरतात, आणि लांडगा कंदी पेढे घेऊन समजूत काढायला येतो.

खरं तर पूर आला की सांगलीकर दोन हातांनी दोन दिशा दाखवतो. एक वरच्या अंगाला कोयनेकडं, दुसरी खालच्या अंगाला कर्नाटकातल्या अलमट्टीकडं. दोन्ही हात असे गुंतल्यावर ओढ्यात भराव टाकून बांधलेल्या स्वतःच्या घराकडं बोट दाखवायला हात उरत नाही.

तर झालं असं की डिसेंबरात कट्ट्यावर बसलो असताना मास्तर एकाएकी म्हणाले, "तीस वर्षं भूगोल शिकवला. कोयना फळ्यावर काढली. पाहिली नाही." मास्तर निवृत्त झाल्यापासून अशी कबुलीजबाबासारखी वाक्यं टाकतात. तात्या म्हणाला, "मग बघून येऊ की एकदा. कोण सोडतंय ते तरी बघू."

एवढ्यावर आमची चार दिवसांची डोंगरवारी ठरली. चौघांचं मिळून वय दोनशे चाळीस, आणि गुडघे आठ. त्यातले चालू स्थितीतले पाच.

नकाशा मास्तरांनी काढला. कृष्णा आणि कोयना या दोघी महाबळेश्वरच्या, एका माहेरच्या. निघताना एकमेकींकडं पाठ फिरवून निघतात; कोयना डोंगराआडून सरळ दक्षिणेला येते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडात दोघी समोरासमोर येऊन गळ्यात पडतात. वारणा दुसऱ्या घरची, पाथरपुंजाकडची. ती हरिपूरला येऊन मिळते. म्हणजे सांगलीच्या आसपासच तिघींचं गूळपीठ जमतं आणि तिघी मिळून तात्याच्या दुकानात शिरतात. मास्तरांचं म्हणणं, जायचंच तर थेट पाथरपुंजला जाऊ. पाटण तालुक्याच्या टोकाला, सातारा, सांगली आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या शिवा भिडतात तिथलं हे गाव. राज्यात सर्वांत जास्त पाऊस कुठं पडला याची बातमी आली की अलीकडं त्यात हे नाव असतंच. नावातच दगडांचा ढीग आहे. पण ते पडलं व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. तिथं गवे, अस्वलं आणि परवानग्या असतात. यांपैकी परवानग्यांना आम्ही घाबरलो.

शेवटी असं ठरलं: पहिल्या दिवशी कास आणि तिथून चालत बामणोली, दुसऱ्या दिवशी वासोटा, तिसऱ्या दिवशी पाटणचा दातेगड आणि कोयना धरण, चौथ्या दिवशी शिराळ्यावरून चांदोली. म्हणजे कोयनेपासून सुरू करून वारणेपर्यंत, आरोपींच्या घरी जाऊन जबाब घ्यायचे.

आता सामानाबद्दल बोललंच पाहिजे. तज्ज्ञ लोक सांगतात की पाठीवरची सॅक हलकी असावी. सांगलीकराला ते पटतं, कारण त्याच्याकडं भडंग असतं. भडंग हा एकच पदार्थ असा आहे की ज्यानं पोतं भरतं पण वजन भरत नाही. मास्तरांनी एक डबा, मी एक डबा आणि तात्यानं पत्र्याचा एक डबा असा साठा झाला. सातारकरानं दोन किलो कंदी पेढे आणले. पेढा लहान दिसतो पण त्याची घनता शिशाची. चार दिवस सातारकर डोंगर चढताना मागं ओढला जात होता तो त्या पेढ्यांनी, असं माझं मत आहे. तो म्हणतो वयानं.

तात्याची सॅक मात्र वेगळी होती. ती त्यानं डोंगरासाठी भरलीच नव्हती. ती त्याची पुराची पिशवी होती. २०१९ नंतर त्यानं घरात एक पिशवी कायमची भरून ठेवली आहे आणि घर सोडायचं म्हटलं की त्याचा हात आपोआप तिच्याकडं जातो. त्यात मेणबत्त्या, काडेपेटी, सुतळी, नायलॉनचा दोर, शिट्टी, बॅटऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मी विचारलं, "तात्या, जानेवारी आहे. पाऊस कुठला?" तो म्हणाला, "एकोणीस सालीबी सगळे असंच म्हणत होते."

कास हे फुलांचं पठार. युनेस्कोनं २०१२ साली पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून निवडली त्यांत कास आहे, कोयना आहे, चांदोली आहे. पण ही फुलं पावसाळ्याच्या सरतीला, महिना-दीड महिना. जानेवारीत कास बघायला जाणं म्हणजे लग्न लागून महिना झाल्यावर मांडव बघायला जाण्यासारखं आहे. आम्हाला तिथं दिसला तो नुसता कातळ. लांबच लांब, भाजलेल्या भाकरीसारखा काळपट तांबडा, मध्येमध्ये वाळकं गवत. मास्तर मात्र खुलले. हा जांभा दगड, खाली बेसॉल्ट, वरती बोटभर माती, आणि त्या बोटभर मातीत एवढी फुलं, असं त्यांनी उन्हात उभं राहून पस्तीस मिनिटं सांगितलं. तास संपल्याची घंटा नसली की निवृत्त मास्तरांना आवरता येत नाही. तात्या एका धोंड्यावर बसून बूट काढत होता. "मास्तर, जांभा काय आन् बेसॉल्ट काय," तो म्हणाला, "अंगठ्याला लागला की सारखाच."

पुढं कासचा तलाव दिसला. सातारा शहराला या तलावाचं पाणी जातं, असं सातारकर अभिमानानं बोलून गेला आणि फसला. तात्यानं बूट तसाच हातात धरला. "म्हणजे तुमच्या पिण्याचं पाणी तेवढं वर सांभाळून ठेवता, आणि उरलेलं आमच्याकडं सोडता?"

कासपासून बामणोलीपर्यंत उतारच उतार आहे, म्हणून आम्ही चालत निघालो होतो. चढ माणसाची छाती तपासतो आणि उतार गुडघे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वळणावळणाला खाली शिवसागर जलाशयाचं निळं पाणी दिसायचं, आणि दर वळणाला ते तेवढंच खाली असायचं. संध्याकाळी बामणोलीत पोचलो तेव्हा चौघेही उलटे चालत होतो. उलटं चाललं की गुडघ्याला बरं वाटतं, असा शोध मास्तरांनी लावला होता. गावातली पोरं रस्त्यावर येऊन बघायला लागली. एका घरी जेवणाची सोय झाली. भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा आणि तळलेले मासे. तात्या चौथी भाकरी मोडताना म्हणाला, "पाणी वाईट असंल, पण माशाचं काय म्हणणं नाही."

वासोट्याला जायचं म्हणजे आधी वन खात्याची परवानगी, मग लाँच. लाँचनं तास-दीड तास जावं लागतं. सकाळी पाण्यावर धुकं होतं, दोन्ही बाजूला जंगलानं भरलेले डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि डिझेलच्या इंजिनाचा असा आवाज की एखादा वाघ असलाच तर तो पलीकडं कोकणात उतरला असणार. तात्या लाँचच्या मधोमध, दोन्ही हातांनी बाक धरून बसला होता. पाणी एवढ्या जवळून तो फक्त स्वतःच्या दुकानात बघतो.

नावाडी साठीचा, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. "पावणं कुठलं?" त्यानं विचारलं.

"सांगलीचं."

"मग जवळचंच की. आमची निम्मी भावकी तिकडंच हाय, सांगली जिल्ह्यात. निम्मी सोलापुराकडं, थोडी रायगडात. धरणात उठली त्या टायमाला."

तात्याला विषय मिळाला. त्यानं आपल्या दुकानाची सगळी हकीकत सांगितली. कुठल्या साली किती पाणी, पंखे कसे गेले, भरपाई कशी आली नाही, भिंतीवर रेघा कशा मारल्या आहेत. पुराच्या गोष्टी तात्या रंगवून सांगतो. मग त्यानं व्यावसायिक कुतूहलानं विचारलं, "तुमच्याकडं किती फूट आलं होतं?"

नावाड्यानं सुकाणू जरा वळवलं. "फूट काय मोजलं न्हाई," तो म्हणाला. "आमचं गाव आत्ता आपल्या खाली हाय."

तात्या खाली बघायला लागला. लाँचच्या कडेनं हिरवं पाणी चाललं होतं, त्यात काहीच दिसत नव्हतं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तात्यानं पत्र्याचा डबा उघडला आणि नावाड्याच्या ओंजळीत भडंग ओतलं, आणखी ओतलं, तो पुरे म्हणाला तरी ओतलं.

पायथ्याला मेट इंदवलीपाशी उतरलं की वनरक्षक सामान तपासतो. त्या दिवशी होता तो एक तरुण, चटपटीत मुलगा. जंगलात जाणारं प्लास्टिक मोजायचं, वहीत लिहायचं, येताना तेवढंच परत दाखवायचं, असा त्याचा शिरस्ता. आमच्या तिघांच्या मिळून सहा वस्तू झाल्या. मग तात्याची सॅक आली. पोरगा एकेक पिशवी काढू लागला. मेणबत्त्यांची, बॅटऱ्यांची, गोळ्यांची. पिशवीतली पिशवी निघाली की नवा आकडा. मागं पुण्याच्या पोरापोरींची रांग वाढत चालली होती. तळाशी एक जाड गठ्ठा निघाला, तीन पिशव्यांत गुंडाळलेला. त्यानं तो सोडला. आत घराचा उतारा, दुकानाचा परवाना, विम्याच्या तीन पॉलिस्या, वीजबिलं आणि तात्याच्या लग्नाचा फोटो.

पोरगा एकदा कागदांकडं, एकदा तात्याकडं बघत राहिला. "काका," तो म्हणाला, "गडावर जागा घेताय का?"

वहीत आकडा पडला: तेवीस पिशव्या. तिथल्या नोंदवहीत तो उच्चांक असावा.

वासोट्याची चढण दाट झाडीतून आहे. सुरुवातीला ओढ्याकाठी मारुती उघड्यावर बसलेला आहे, त्याला नमस्कार करून जो तो आपल्या गुडघ्यांची जबाबदारी त्याच्यावर टाकतो. मग सगळे दगड. गोल, चपटे, डळमळीत, पानांखाली लपलेले. सूर्य कुठंतरी वर असतो एवढंच समजतं. एकदा शेकरू दिसलं, लांब शेपटीचं, या फांदीवरून त्या फांदीवर गेलं आणि थांबून आमच्याकडं बघू लागलं. राज्यप्राणी असल्याची जाणीव त्याच्या चेहऱ्यावर होती.

तात्याचं चढणं आम्ही पूरनियंत्रण कक्षाच्या भाषेत कळवत होतो. त्याचा श्वास ऐकू यायला लागला की सातारकर मागून ओरडायचा, "पस्तीस फूट, वाढ सुरू." तात्या झाडाला हात टेकून उभा राहिला की चाळीस, म्हणजे इशारा पातळी. तो धोंड्यावर बसला की पंचेचाळीस. दोन ठिकाणी तर तो सरळ आडवाच झाला, तेव्हा मास्तरांनी नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे असं जाहीर केलं. मागून आलेली पुण्याची पोरं "काका, पाणी देऊ का?" असं अदबीनं विचारायची. पाणी या शब्दावर तात्या उठून बसायचा.

वर पोचल्यावर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, वाड्याची जोती, चुन्याचा घाणा. मास्तरांना पुन्हा तास मिळाला. शिवाजी महाराजांनी याला व्याघ्रगड नाव दिलं. पेशवाईच्या अखेरीला ताई तेलिणीनं बापू गोखल्यांना इथूनच दमवलं. १८१७ साली हंटर आणि मॉरिसन नावाचे दोन इंग्रज अधिकारी या गडावर कैदेत होते. आणि १८१८ च्या एप्रिलात समोरच्या जुन्या वासोट्यावरून इंग्रजांनी तोफा डागल्या तेव्हा गड पडला. मला त्या दोन इंग्रजांचं राहून राहून आश्चर्य वाटलं. कैदी असूनही सरकारी खर्चानं त्यांना वर आणलं होतं. आम्ही पैसे भरून, रांगेत उभं राहून, स्वतःच्या पायांनी आलो होतो.

बाबूकड्यावर गेलो आणि मास्तरही गप्प झाले. कडा म्हणजे घोड्याच्या नालासारखा अर्धगोल, सरळ खाली तुटलेला काळा कातळ. पलीकडं जुना वासोटा, आणि खाली, फार खाली, कोकण. घरं काडेपेटीएवढीही नाहीत.

"उंची किती?" तात्यानं विचारलं.

"चार हजार दोनशे सदुसष्ट फूट. समुद्रसपाटीपासून," मास्तर म्हणाले.

तात्यानं डोळे मिटून हिशोब केला. "इथं पाणी येत नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात बिऱ्हाड हलवायचा विचार होता.

मग मास्तरांनी जलविभाजक समजावला. आपण सह्याद्रीच्या माथ्यावर आहोत. इथं पडलेला पाऊस पूर्वेला वाहिला तर कोयनेत, कोयनेतून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला ओघळला तर कोकणात आणि अरबी समुद्रात. दोन थेंब शेजारी पडतात आणि दोन समुद्रांना जातात.

"म्हणजे इकडं पडलं तर आमच्याकडं?" तात्यानं पाठीमागं बोट दाखवलं.

"हो."

"आणि तिकडं पडलं तर नाही?"

"नाही."

तात्यानं सॅकमधून पाण्याची बाटली काढली. निम्मी भरलेली होती. दोन पावलं पुढं गेला, सातारकरानं भीतीनं त्याचा शर्ट मागून धरला, आणि तात्यानं ते सगळं पाणी कड्यावरून खाली कोकणात ओतलं. धार वाऱ्यानं फुटली आणि निम्मी आमच्याच तोंडावर आली. तरी तात्याचा चेहरा देवाला नवस फेडल्यासारखा झाला होता. "तेवढंच कमी," तो म्हणाला.

उतरून चौकीवर आलो. वनरक्षकानं वही उघडली आणि पिशव्या मोजल्या. बावीस. पुन्हा मोजल्या. बावीस. तात्याची सॅक दोनदा उपडी झाली, घराचा उतारा दोनदा वाऱ्यावर उडाला आणि पुण्याच्या पोरांनी तो दोनदा पकडून आणला. लाँचवाला हाका मारत होता, कारण अंधाराच्या आत परतावं लागतं. गड पुन्हा चढून पिशवी शोधायची, असा एक प्रस्ताव आला आणि तो आणणाऱ्या मास्तरांकडं कुणी बघितलं नाही. शेवटी तात्या हताश होऊन बसला आणि बूट काढला. पायमोजा आणि बूट यांच्या मध्ये तेविसावी पिशवी होती. जळवा लागू नयेत म्हणून गड चढायला लागताना घातली होती. जानेवारीत जळवा नसतात असं वनरक्षकानं सांगितलं. एकोणीस सालीबी सगळे असंच म्हणत होते, असं तात्यानं उत्तर दिलं.

तिसऱ्या दिवसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिसऱ्या दिवशी आम्ही जिवंत होतो हेच पुष्कळ होतं. दातेगडाला सुंदरगड असंही नाव आहे. पाटणजवळच, फार उंच नाही, आजूबाजूच्या पठारांवर पवनचक्क्या फिरत असतात. प्रवेशापाशी कातळात कोरलेले गणपती आणि मारुती, आणि वर तलवारीच्या आकाराची विहीर. ही विहीर बांधलेली नाही, अखंड खडकातून खोदून काढली आहे. लांब, अरुंद, खोल, आत उतरायला पायऱ्या. एकेक पायरी गुडघाभर. आत थंडगार, आणि तळाशी काळं, हलत नसलेलं पाणी. तात्या अर्ध्या पायऱ्यांवर बसून त्या पाण्याकडं अर्धा तास बघत होता. "हे बरं आहे," तो म्हणाला. "पाणी खाली, आपण वर. दोघांनी आपापली जागा धरून राहायचं."

संध्याकाळी कोयनानगर. तिथल्या उद्यानातून धरण समोर दिसतं. ज्याचं नाव घेऊन आम्ही आयुष्यभर बोटं मोडली तो आरोपी एकदम पुढ्यात आला. करडा, रुंद, शांत. सहा दरवाजे. "पाच फुटांनी उचलले, सात फुटांनी उचलले" असं आम्ही ऐकतो ते हेच सहा. सगळे बंद होते. उंची सुमारे ३३९ फूट, हे मास्तरांनी सांगितल्यावर तात्यानं आयर्विनशी ताडून बघायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग मास्तर म्हणाले की धरणाचं सगळं पाणी आपल्याकडं येतच नाही. वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत डोंगर फोडून पलीकडं पोफळीला नेतात, वीज करतात आणि ते कोकणात जातं.

"साडेसदुसष्ट?" तात्या म्हणाला. "वर्षभर कोकणात जातंय, आणि पावसाळ्यात नेमकं आमची आठवण येतीया?" पण आवाजात नेहमीची धार नव्हती. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्या लाँचवाल्याचं गाव यात कुठल्या बाजूला असंल?" सातारकरानं उत्तरेकडं, भिंतीच्या पाठीमागं, डोंगरात हात केला.

चौथ्या दिवशी चांदोली. वारणेवरचं धरण सुमारे साडेचौतीस टीएमसीचं, आणि मागं २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं जंगल. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून कागदोपत्री तरी सातारा आणि सांगली एका वाघाच्या ताब्यात आहेत. इथं पायी फिरायचं नाही, गाडीतून, वाटाड्या बरोबर घेऊन जायचं. हे ऐकून आमच्या आठही गुडघ्यांनी राष्ट्रीय उद्यानाच्या संकल्पनेला पाठिंबा दिला. झोळंबीच्या सड्यावर गाडी थांबली. सडा म्हणजे पुन्हा तोच उघडा जांभा कातळ, कासच्याच घराण्यातला. कातळाच्या कडेला एक गवा उभा होता. त्यानं आमच्याकडं बघितलं, मग भडंगाच्या डब्याकडं बघितलं, आणि काही विशेष नाही असं ठरवून जंगलात गेला.

वाटाड्यानं एका डोंगररांगेकडं हात केला. "त्या तिकडं पाथरपुंज."

आम्ही बघितलं. निळसर रेघ, तिच्यावर एकही ढग नाही. "साधंच दिसतंय की," मास्तर म्हणाले. तीस वर्षं फळ्यावर काढलेल्या नद्यांपैकी एकीच्या घरासमोर उभं राहून त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

सांगलीत परतलो तेव्हा आयर्विनवर गाडी थांबवून खाली बघितलं. जानेवारीतली कृष्णा घाटाच्या खालच्या पायऱ्यांशी पाय मुडपून बसली होती. सातारकर मुक्कामाला होता, त्याच्या सॅकमध्ये अजून दीड किलो पेढे होते. तात्यानं ते गल्लीत वाटले आणि कुणी कशाबद्दल विचारलं तर "वरून आलेत" असं सांगितलं.

पुढं जुलै आला. वर धो धो लागला, रोजचे आकडे सुरू झाले, तात्यानं दुकानातले पंखे वरच्या मजल्यावर नेले. पाणी तीस झालं, पस्तीस झालं, अडतीस झालं. मारुती चौकातली माणसं गाद्या गुंडाळायला लागली. आणि एकोणचाळिसाच्या आसपास येऊन ते थबकलं, रात्रभर तिथंच राहिलं आणि सकाळी इंचाइंचानं उतरू लागलं. वर पाऊस थांबला होता, असं रेडिओवर सांगितलं. तात्यानं ते ऐकलं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बाबूकड्याची हकीकत सांगत होता. बाटलीतलं पाणी सांगण्यागणिक वाढत चाललं होतं.

तेवढ्यात सातारकराचा फोन आला. तात्यानं स्पीकर लावला.

"काय तात्या, उतरलं का?"

"उतरणारच," तात्या म्हणाला. "पुढच्या खेपेला दोन बाटल्या नेऊ. पण तांब्याच्या. प्लास्टिकच्या नकोत, तो पोरगा मोजतोय."